डावी शेगडी

“भात कुठल्या शेगडीवरचा, बू?”

“डाव्या.”

“मग मला भूक नाही.”

मुलगी रिकामं ताट घेऊन मागे सरली. तिच्यामागची सरली, मग अख्खी रांगच. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मिसना, सगळ्या मुलींच्या बू, म्हणजे आई, पळी हातात धरून बघत राहिल्या. “भूक नाही म्हणे. काल दोनदा मागून खाल्लास, तोही डावीकडचाच होता.”

हे ऐकून ती मुलगी तोंडावर हात धरून मोरीकडे धावली.

आमच्या मुलींच्या निवासी मदरशात मी अरबी व्याकरण शिकवते, तेव्हा शेगडीशी माझा संबंध खाण्यापुरता. पण डाव्या शेगडीचा गॅस संडासाच्या टाकीतून येतो हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण ती टाकी म्हणजे मार्फुआचं लेकरू. मार्फुआ रसायनशास्त्र शिकवते आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहते. लग्न केलं नाही, टाकी केली, असं तिच्या तोंडावर मीच म्हणू शकते. आमच्या मोठ्या गुरुजींकडून, क्याईंकडून, तिने आधीच निवाडा घेतला होता की ज्वाला शुद्ध, म्हणून तिच्यावरचं अन्नही शुद्ध. धर्माने वाट मोकळी केली. पण किळस कुठे कुणाचा निवाडा ऐकते?

त्या गॅसला आधी सडक्या अंड्यांचा वास यायचा. तो घालवला रोमलाने. रोमला शेवटच्या वर्गातली, सापूदी बेटावरच्या कोळ्याची मुलगी, प्रश्न विचारून विचारून जीव खाणारी. नळीत लोखंडाचा गंज भरला की वास तिथेच अडकतो, एवढं मार्फुआने सांगितलं होतं. पण गंज किती बारीक हवा, तो थकला की उन्हात पसरून पुन्हा कामाला कसा लावायचा, यात त्या पोरीने वर्ष घातलं. बंदरात जुन्या बोटी खरवडतात तिथला गंज तिचा बाप पोत्यात भरून आणून द्यायचा. कशाला, हे त्याने कधी विचारलं नाही. ईदनंतर रोमला सुराबायाच्या विद्यापीठाची परीक्षा देणार, आणि एक दिवस आपल्यालाच शिकवणार, हे मार्फुआने मनाशी पक्कं केलं होतं.

आणि मग तिने हौस केली. शुक्रवारी सगळ्या मुलींसमोर रोमलाला उभं करून प्रयोग सांगायला लावला. रोमलाने तो फार छान सांगितला. मुलींनी त्यातलं फक्त ‘संडास’ ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाची रांग मागे सरली.

बातमी बोटीत बसून सापूदीला पोचली. रोमलाचं लग्न ती रांगत होती तेव्हाच ठरलंय, आम्हा मदुरा बेटांवरच्या लोकांत असं चालतं. होणाऱ्या सासरहून निरोप आला, मुलीला त्या घाणीतून काढा, नाहीतर सोयरीक मोडली समजा. दुसऱ्याच आठवड्यात तिचा बाप, सहरावी, दारात हजर.

“किळस आलीय लोकांना, दुसरं काही नाही,” मार्फुआ मला म्हणाली. “ती काढता येते. बापाला पटलं की तो तिकडे पटवील.”

“किळस म्हणजे काय बोटीचा गंज आहे, खरवडला की निघाला?”

“तू गप्प बस.”

तिने सहरावीला सगळं फिरवून दाखवलं. टाकी, नळी, रोमलाचा गंज, शेगडीची निळी ज्योत. तो मान हलवत राहिला. शेवटी रोमलाने त्याच ज्योतीवर कॉफी उकळली आणि कप बापापुढे ठेवला. खिडक्यांना मुली लोंबकळल्या होत्या.

“बाबा, डाव्या शेगडीवरची आहे.”

“माहितीय. डोळे फुटले नाहीत माझे.”

त्याने कॉफी बशीत ओतली, फुंकर मारली आणि गाळ उरेपर्यंत संपवली. “झकास. तुझ्या आईला साखरेचा हात नाही, तुला आहे.”

मार्फुआने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

“मग भाऊ, राहू दे ना तिला. परीक्षेपुरतं तरी.”

सहरावीने कप खाली ठेवला. “कॉफीचा काय संबंध, उस्ताझा? मासळीत जन्म गेला माझा, मला कसली आलीय घाण. आणि त्यांना तरी कुठे आलीय? घाण आपली नुसती सांगायला.”

“मग?”

“सुराबायाला शिकलेली सून त्यांच्या पोराच्या हाताखाली नांदेल का, हे विचारतायत ते. शब्द मी दिलाय. तो मोडला तर माझ्या धाकट्या दोघी पोरींना बेटावर कोण दारात उभं करील?”

मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि त्याचे खाली घातलेले खांदे बघून तो धड टिकलाही नाही.

“रोमला, तू बोल की,” मार्फुआ म्हणाली.

“काय बोलू, उस्ताझा?” रोमला बापाचा कप विसळत होती. “नळीतला गंज बदललाय. जुना उन्हात पसरलाय, दुपारी एकदा हलवून घ्या.”

ती आत गेली आणि बॅग घेऊन आली. आदल्या रात्रीच भरलेली असणार. तिने वाकून मार्फुआचा हात कपाळाला लावला. मार्फुआने तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

सहरावीचा पाय मात्र शेगडीपाशीच रेंगाळला होता. तो वाकून ज्योत बघत होता.

“आमच्याकडे माणसांपेक्षा गुरं जास्त,” तो म्हणाला. “वारा सुटला की बोट बंद, सिलिंडर बंद. बायका ओली लाकडं फुंकत बसतात. शेणावर चालेल का हे?”

“शेणावर तर याहून चांगलं चालेल,” मार्फुआ म्हणाली.

“बांधून कोण देईल?”

मार्फुआने रोमलाकडे पाहिलं, मीही पाहिलं. सहरावीने आमच्याकडे बघितलं, मग वळून लेकीकडे बघितलं, आणि बघतच राहिला. रोमला ओढणीचं टोक नीट करत होती.

मग त्याने खाली वाकून तिची बॅग उचलली आणि फाटकाकडे, बोटीच्या वाटेने चालायला लागला.