येतो म्हणजे कुठे?

लेफ्टनंटसाहेबांची ही पहिलीच मोहीम होती. चोरलेल्या बंदुका घेऊन एक जण गोदामात दडला होता आणि तो निसटला, तर साहेबांचं नाक कापलं जाणार होतं. पुढचं दार जवानांनी रोखलं होतं. मागच्या दारासाठी साहेब गावच्या रक्षकदलाची वाट पाहत होते. ते दल सकाळपासून रस्त्यावर पहारा देत होतं आणि त्याचे म्होरके होते शिंपीकाका.

वायरलेसवर काकांचा आवाज आला, "साहेब, इथे चिटपाखरूही नाही. येतो आम्ही."

"या, या!" साहेब खूश झाले.

बराच वेळ गेला तरी काकांचा पत्ता नाही. साहेब स्वतःच मागे धावले, तर दार सताड उघडं! तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"साहेब, जेवायला घरी निघालो होतो. बोळात एक पाहुणा समोरून पळत आला. आमच्या काठ्या बघून त्याने बंदुकांचं गाठोडं टाकलं आणि आपणहून हात वर केले. याचं काय करू?"

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "अहो काका, तुम्ही तर येतो म्हणालात!"

"मग काय, जातो म्हणू? असं अभद्र? आणि 'या' म्हणून निरोप तुम्हीच दिलात की!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी जीपमध्ये चढताना ते सवयीने म्हणाले, "बरंय काका, येतो."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "म्हणजे नक्की कुठे?"