गोधडीचं पोट

टण्ण.

बॉबिन फरशीवर पडली आणि घरंगळत कपाटाखाली गेली, मागे पांढऱ्या दोऱ्याची लांब शेपटी. मी हात होते तिथेच धरून बसले. पलंगावर स्वानंदीनं कूस बदलली, झोपेतच अंगठा शोधला, तोंडात घातला, आणि पुन्हा शांत झाली. मशीनच्या घरघरीची तिला माझ्या पोटात असल्यापासून सवय आहे. तिला जागं करतात ते असले बारीक आवाज.

दुपारी दोन ते साडेतीन, ती झोपते तेवढाच वेळ माझा. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या वन बीएचकेत बेडरूमचीच त्या वेळी शिवणखोली होते. लोक काय काय आणून देतात. वारलेल्या वडिलांचे शर्ट, त्यांच्या उश्या करायच्या. बाळाची पहिली झबली, त्यांचा ससा करायचा. मी करते. बहुतेक वेळा हात चालतात आणि डोकं भलतीकडे, भाजीला काय करायचं तिकडे असतं. या खेपेला तसं होत नव्हतं. मंगळवारपासून एक टाका घालत होते आणि दोन उसवत होते.

समोर पसरलेले कपडे सविताचे होते. मी तिला कधी पाहिलं नाही. लासलगाव डेपोला कंडक्टर होती, दीड वर्षापूर्वी डेंग्यूनं गेली, एवढंच तिच्या नवऱ्यानं, योगेशनं, सांगितलेलं. पंधरवड्यापूर्वी तो मोठी पिशवी घेऊन आला होता. खुर्चीवर बसलाच नाही. पलंगाच्या कडेला उकिडवा बसून एकेक कपडा काढत गेला.

"मुलीसाठी गोधडी पाहिजे. आरोही. सात वर्षांची हाय." मग खाकी कुर्ता काढला. "ह्या खिशात ती रोज तिच्यासाठी संत्र्याच्या गोळ्या आणायची. हा खिसा असाच ठेवता येईल का? म्हणजे उघडा. हात जाईल असा."

"येईल ना."

तीन जॉर्जेटच्या साड्या निघाल्या, एक पोपटी, सिल्कसारखी दिसणारी, एक लग्नातला शालू. शेवटी दोन गाऊन.

"सुती काही नाही का अजून?" मी विचारलं.

"सुती गाऊन होते चांगले सात-आठ. आईनं फरशी पुसायला काढले. मला कळलं तोवर हे दोनच राहिले होते."

तक्रार नव्हती आवाजात. नुसता गाऊनच्या बाहीवरून हात फिरवत होता.

मी त्याला समजावून सांगितलं. गोधडीला वरचा थर असतो, खाली अस्तर असतं आणि मधे असतं ते पोट. पोटात सुती लागतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ऊब सगळी त्याचीच. जॉर्जेट नुसतं सुळसुळतं, ऊब धरत नाही. दोन गाऊननी पोट भरणार नाही. माझ्याकडे जुन्या साड्या आहेत, त्या घालते.

"नको ताई. दुसऱ्या कुणाची चिंधीसुद्धा नको."

"अहो, दिसणार नाही ती."

"दिसणार नाय म्हणूनच. मला तिला सांगायचंय, हे सगळं तुझ्या मम्मीचं. तिच्याशी खोटं बोलता येत नाय. लगेच पकडते."

"पातळ होईल मग."

"होऊ द्या."

मी बरं म्हटलं. पिशवीची घडी करताना त्यानं मान वर न करता सांगितलं, "बावीसला, रविवारी माझं लग्न हाय. घरच्या घरीच. त्याच्या आदल्या दिवशी गोधडी तिच्या हातात पाहिजे."

आणि मंगळवारी, लग्नाला पाच दिवस राहिलेले असताना, भर दोन वाजता बेल वाजली. स्वानंदी दचकून उठली आणि भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊन दार उघडलं तर माझ्याच वयाची एक मुलगी उभी. घामेजलेली, हातात कापडी पिशवी.

"चैतालीताई ना? मी हर्षाली. रविवारी लग्न आहे ना, त्यातली नवरी." आणि स्वतःच हसली. "झोपमोड केली वाटतं बाळाची. सॉरी गं पिल्लू."

पिल्लानं तोंड माझ्या मानेत खुपसलं.

हर्षाली पिंपळगावला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं आली होती. आत आल्यावर तिनं कपड्यांकडे पाहिलं आणि भिंतीला टेकूनच उभी राहिली.

"ह्या त्यांच्या?"

"हो."

"हात लावू?"

तापलेल्या तव्याला लावावं तसं एक बोट पोपटी साडीला लावलं आणि काढून घेतलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आरोही काय म्हणते तुम्हाला?"

"ओ म्हणते. 'ओ, पाणी द्या.' 'ओ, तुमची चप्पल आमच्या दारात आहे.'" ती पुन्हा हसली. "मी पण देते मग ओ. काय करू?"

मला हसू आलं आणि लगेच आवरलंही. तिनं पिशवीतून साडी काढली. फिकट निळी, बारीक चौकटीची, मालेगावची साधी कॉटन. कॉलेजपासून नेसतेय म्हणाली. हातात घेतली तर लोण्यासारखी. असं कापड गोधडीला शोधून मिळत नाही.

"ही पोटात घाला, ताई."

"त्यांनी नाही म्हटलंय."

"माहीत आहे. मला कौतुकानं सांगितलं त्यांनी, सगळं तिचंच घालणार म्हणून." साडीची घडी ती उगाच उलटसुलट करत होती. "आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे का? पहाटे द्राक्षाच्या बागांत शेकोट्या पेटवतात. ही गोधडी एकदा हातात मिळाली की ती पोर दुसरं काही अंगावर घेणार नाही. वरून ब्लँकेट टाकू, असं ते म्हणतात. मी टाकलेलं ब्लँकेट? ती पायानं उडवेल. सुळसुळीत साड्यांत कुडकुडत झोपेल, पण उडवेल."

"मग हे त्यांनाच सांगा ना."

"थंडीचं सांगून पाहिलं. साडीचं नाही काढलं. अजून नवरी म्हणून घरात पाय नाही ठेवला मी, आणि सविताताईंच्या वस्तूत घुसायला लागले असं नको व्हायला."

"आणि आता घुसत नाही आहात का?"

माझ्या तोंडून निघून गेलं. स्वानंदीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"घुसतेच आहे," ती म्हणाली. "पण पोटात. वर नाही. कुणाला कळायचं नाही, तिलाही नाही, ह्यांनाही नाही. तिच्या अंगावर माझं काहीतरी असेल, एवढं मला माहीत असलं की झालं."

"मी शब्द दिलाय, हर्षाली."

"हो." तिनं साडी खुर्चीच्या पाठीवर ठेवली. "ठेवते इथं. नाही घातली तर फरशी पुसायला घ्या."

त्या गाऊनची गोष्ट तिला माहीत होती का, हे मला अजून कळलेलं नाही. ती गेली आणि मी ती साडी उचलून कपाटात टाकली, कपाट लावलं, पुन्हा उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं.

बुधवारी सगळा वेळ दोन गाऊन पुरवण्यात गेला. शिवणी उसवल्या, बाह्या सरळ केल्या, जोडले. छातीपासून पोटऱ्यांपर्यंत कसंबसं आलं, पायाशी नुसती जॉर्जेटवर जॉर्जेट. कच्चे टाके घातले तर कापड सुईखालून पळायचं, चुण्या पडायच्या. उसवलं. पुन्हा घातले. बोटाला सुई लागली, खाकीवर रक्ताचा ठिपका पडला, तो थुंकी लावून पुसेपर्यंत स्वानंदी उठून बसली होती आणि "आई, शू" म्हणत होती.

संध्याकाळी विहंग कंपनीतून आला तेव्हा गोधडी पलंगावर आणि मी जमिनीवर.

"गोधडी शिवतेयस की कोर्ट चालवतेयस?" त्यानं विचारलं. नवरा तो, त्याला सगळं सांगून झालं होतं.

"तू असतास तर काय केलं असतंस?"

"फोन केला असता. त्याची गोधडी आहे, त्याला विचार."

"आणि तिनं कुणाला सांगू नका म्हटलंय त्याचं?"

"मग नको विचारू." तो बूट काढायला बसला. "तुला कुणी काही सांगितलं की ते तुझंच होऊन बसतं बघ. जेवायला काय आहे?"

गुरुवारी केला योगेशला फोन. मागे लिलावाचा गलका, ट्रॅक्टरचे हॉर्न. बाजार समितीजवळ त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे.

"हां ताई, झाली का?"

"होतेय. थोडी पातळ वाटतेय पायाकडे, म्हणून..."

"असू द्या हो. सगळं तिचंच हाय ना?"

"हो," मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

"मग बास. आरोही रोज विचारते, आली का म्हणून. कॅलेंडरवर फुल्या मारते."

फोन ठेवल्यावर बरं वाटायला हवं होतं. मी उठून ओटा पुसला, जो स्वच्छ होता.

शुक्रवारी विहंग फर्स्ट शिफ्टला निघाला तेव्हा साडेपाच वाजले होते. खिडकीतून गार वारा येत होता. स्वानंदीचं पांघरूण रात्रीच ओलं झालेलं. मी ती अर्धी शिवलेली गोधडी उचलली आणि तिच्यावर घातली. दुसऱ्याची वस्तू, घालायला नको होती. पण घातली, आणि शेजारी बसून बघत राहिले. आधी तिनं गुडघे पोटाशी घेतले. मग अंग आणखी आवळलं. मी पाय चाचपले, पाय गार. मग झोपेतच ती सरकत सरकत माझ्याकडे आली, गोधडी मागे टाकून, आणि माझ्या अंगावरची जुनी विटकी ओढणी मुठीत धरून तिच्यात शिरली. नाक, कान, सगळं आत.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहिणार नाही. एवढंच, की मी नसले आणि हिच्या अंगावर कुणी काही घातलं, तर ते उबदार असावं, कुणाचं का असेना. आणि लगेच दुसरं आलं, की कुणाचं का असेना कसं? माझंच असावं. दोन्ही एकदमच आलं. अजून दोन्ही तिथेच आहे.

मी ओढणी हळूच सोडली, तिच्याकडेच राहू दिली. कपाट उघडलं.

कच्चे टाके उसवून गोधडी उघडली. निळी साडी कापली नाही. चौपदरी घालून दोन गाऊनच्या खाली पसरली, पायापासून गळ्यापर्यंत बरोबर बसली. कापड एकदा धरलं की धरलं, कुठे चुणी नाही, सुई सरळ आरपार. दिवसभर स्वानंदीला वाटाण्याच्या शेंगा, डबे, झाकणं, जे हाताशी येईल ते देत राहिले आणि शिवत राहिले. कडेनं सुरू करून आत आत येत संध्याकाळी मधे पोचले. शेवटची गाठ मारली. दोऱ्याचं टोक आत ओढून घेतलं आणि मग वाटलं, उसवावी का? अजून उद्या सकाळ आहे. स्वानंदी तेवढ्यात येऊन गोधडीवर पालथी पडली आणि म्हणाली, "माझी." तिला उचलता उचलता उसवायचं राहून गेलं.

शनिवारी अकराला दोघं आली. आरोही दोन वेण्यांची, गंभीर, पायातल्या चपला नीट भिंतीला लावून आत आली. योगेशनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी गोधडी पलंगावर पसरली.

ती बराच वेळ जवळ आलीच नाही. मग आली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत गेली, वर्गात हजेरी घ्यावी तशी.

"ही मावशीच्या लग्नातली. ही पप्पांनी आणलेली, मम्मीला नव्हती आवडली. हा डेपोचा." खिशात हात घातला. आत मी संत्र्याच्या दोन गोळ्या ठेवल्या होत्या. तिनं त्या बाहेर काढल्या, पाहिल्या, आणि परत आत ठेवून दिल्या.

"घे की अंगावर," योगेश म्हणाला.

तिनं गोधडी डोक्यावरून ओढून घेतली. नुसता चेहरा बाहेर. स्वानंदी जाऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि टकमक बघू लागली.

"गरम आहे," आरोही म्हणाली.

योगेशनं गोधडीचं लोंबणारं टोक हातात घेतलं. तळव्यावर तोललं. अंगठा आणि बोटामधे धरून थर चुरगाळून पाहिले, बियाणं चोळून बघतात तसे. मग माझ्याकडे पाहिलं.

"पातळ होईल म्हणाल्या होत्या ना तुम्ही?"

मी स्वानंदीला जवळ ओढलं. तिचं झबलं सरळ केलं. ते सरळच होतं.

त्यानं टोक सोडलं नाही. आरोही आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं एक हात बाहेर काढला आणि पप्पांसारखंच, अंगठा आणि बोटामधे गोधडी धरली. चोळली. पुन्हा चोळली. मग तिनं थेट माझ्याकडे मान वर केली.

"वर मम्मीचं आहे," ती म्हणाली. "खाली पण मम्मीचं आहे. मधे कोण आहे?"