परसातला गोळा आणि टीव्हीची केबल

माझी बायको बेरिल शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा एकदा म्हणाली, "आपला सोन्याचा गोळा मी परसात लपवलाय. नाहीतर तू तो विकून सोनं शोधायचं नवं मशीन आणलं असतंस. आता शोध तुझा तू." आणि हसली. कुंडीतल्या जिरेनियमला रोज पाणी घालायचं वचनही घेतलं. जागा मात्र सांगितली नाही.

घर विकलं गेलं. शनिवारी मुलगी ऱ्होंडा मला बेंडिगोला तिच्याकडे न्यायला येणार होती. अंड्याएवढा तो गोळा आम्ही दोघांनी मिळून जमिनीतून खणून काढलेला. तो दुसऱ्यासाठी मागे ठेवून मी जाणार नव्हतो.

मेटल डिटेक्टर होता, पण त्याच्या कॉइलची, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या चकतीची, केबल काकाकुव्याने कुरतडली होती. जोडणी, सोल्डरिंग ही कामं बेरिलची. माझं काम खड्डे खणणं.

शेजारचा नेव्ह म्हणाला, "अरे क्लॅरी, केबल म्हणजे केबल. माझ्याकडे टीव्हीची पडलीय." सोन्याचा मुलामा दिलेले कनेक्टरही त्याने आणले. "सोनं शोधायचंय ना? मग हेच लाव." काढायला-घालायला सोपं म्हणून जोड खाली कॉइलपाशीच केला.

मशीन सुरू केलं, तर परसभर सोनं! पाऊल टाकलं की किंचाळायचं. जिरेनियमची कुंडी आड येत होती, ती उचलून मागच्या पायरीवर ठेवली आणि खणत सुटलो. बाटलीचं एक झाकण मिळालं.

नेव्ह खुर्चीत बिअर पीत बसला होता. "आणखी खोल जा."

"तू ये की खाली."

"माझी कंबर!"

दमून मी मशीन हवेत धरलं. तिथेही ते वाजलं. नेव्हने आभाळाकडे बघितलं. "वर पण आहे?"

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन डिटेक्टरच्या दुकानात गेलो. दुकानवाली ग्लेनिस हसता हसता काउंटरवर वाकली. "काका, हे स्वतःचाच कनेक्टर शोधतंय! धातू कॉइलजवळ नको, जोड वर मुठीजवळच्या डब्यापाशी. आणि टीव्हीच्या केबलमध्ये एकच जाड तार, ती भिंतीला ठोकायची. सारखं हलायचं असेल तर बारीक तारांची, वर जाळी विणलेली मऊ केबल हवी. लांबी जुन्या केबलएवढीच. दांड्याला घट्ट गुंडाळा, लोंबू देऊ नका. बेरिलकाकू गुंडाळायच्या तशी."

तिने तशी केबल दिली आणि सोल्डरही करून दिलं.

घरी मशीन एकदम गप्प. कोपरा न् कोपरा पाहिला, खड्डे पाहिले, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. काही नाही. शुक्रवार संपत आला होता.

मी मागच्या पायरीवर बसलो आणि मशीन बाजूला टेकवलं. ते किंचाळलं.

"परत बिघडलं?" नेव्ह म्हणाला.

मी ते उचललं, गप्प झालं. कुंडीजवळ नेलं, पुन्हा किंचाळलं. माती उकरली, तर जिरेनियमच्या मुळांखाली गोळा होता. इतके दिवस मी त्यालाच पाणी घालत होतो.

"सगळं परस खणायला लावलं तिने!" नेव्ह म्हणाला.

"तिने कुठे? तू लावलंस."

गोळा धुतला, थोडा वेळ हातात धरला आणि परत मुळांखाली ठेवला.

शनिवारी ऱ्होंडा म्हणाली, "बाबा, बाल्कनीत कुंड्या नकोत म्हटलं होतं ना?"

"एकच आहे."

"बाप रे, केवढी जड! काय भरलंय हिच्यात?"

"आईची आहे," मी म्हणालो, आणि कुंडी मांडीवर घेऊन गाडीत बसलो. "रोज पाणी घालायला सांगितलंय तिने."