खळ्यावरचे पत्रे

विठ्ठलवाडीकडचा एक जुना कारखाना पाडला आणि त्याचा राडारोडा खाडीकाठच्या डंपिंगवर येऊन पडला. मनुबाईला वाटलं, देवानं आपल्या दारात मासळी सुकवायचं आयतं खळंच धाडलं. सिमेंटचे सपाट, करडे पत्रे! ती आणि तिची सून रतन, दोघींनी डोक्यावरून वाहून आणून ते दारापुढं अंथरले. मातीपेक्षा जवळा त्यावर लवकर सुकायचा, वर रेतीही लागायची नाही.

मासळी पसरण्याआधी खळं झाडायचं, हा मनुबाईच्या सासूपासून चालत आलेला कायदा. पत्र्यांवरून पांढरी भुकटी उडेपर्यंत रतन रोज खराटा मारायची. तरी मनुबाई ओरडायचीच, "कोपरा राह्यला गो! डोळं हायेत का बटणं?"

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात डंपिंगचा मुकादम दौलत तोंडाला ओला फडका बांधून दारात आला. मागं चार माणसं, पाण्याचं पिंप, जाड प्लास्टिक.

"मावशी, पत्रे परत न्यायला आलोय. ह्यांत ॲस्बेस्टॉस आहे, त्याची धूळ छातीत बसते, निघत नाही. साहेबांची ऑर्डर आहे, भिजवून, न फोडता गुंडाळायचे आणि खड्ड्यात पुरायचे."

"तुजा सायब मासली खातो?"

"खातो की."

"मंग त्याला इचार, सुकत्या जवल्यावर पानी कोन वततो."

दौलत हसला नाही. "कोरडे उचलले तर उडेल. आणि आता झाडू नका बाई. झाडलं की तेच तर उडतं."

मनुबाईनं रतनकडं पाहिलं. "आन् आधीच छातीत गेलं असंल तर?"

"कळायला वर्षं जातात म्हणे."

मनुबाईनं त्याच्या माणसाच्या हातातली बादली ओढून घेतली आणि पसरलेल्या जवळ्यावर स्वतःच पालथी केली. मग आणखी एक. माणसांनी मासळीसकट पत्रे गुंडाळले, डंपिंगच्या खड्ड्यात नेऊन ठेवले. माती लोटणार, तेवढ्यात मागोमाग आलेली मनुबाई म्हणाली, "थांबा रं." रतनचं रोज झाडताना नेसायचं, घरून आणलेलं लुगडं पिंपात बुचकळून तिनं आत टाकलं.

"आये," रतन हळूच म्हणाली, "एवरे दिस झारलेली धूल कुठं गेली गो?"

"वाऱ्यानं नेली."

बोलून गेली खरी. मग पदर तोंडाशी धरून बघत राहिली. वारा खाडीवरून येऊन घराघरांत शिरत होता.