सावरलेला पाय

स्विलेन 'नाचरे तारे' या टीव्ही कार्यक्रमात इतके हंगाम नाचला होता की राजधानी सोफियातल्या टॅक्सीवाल्यांना त्याचा चेहरा ओळखीचा वाटायचा, नाव मात्र कुणालाच आठवायचं नाही. प्रसिद्ध माणसांना नाच शिकवायचा आणि दर रविवारी कॅमेऱ्यासमोर त्यांच्याबरोबर नाचायचं, हे त्याचं काम. आजवर त्याच्या वाट्याला एक माजी मंत्री आला, टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारी एक बाई आली, आणि ताल सोडून बाकी सगळं जमणारी एक गायिका आली. करंडकाला त्याचा कधी हातही लागला नव्हता. त्यामुळे यंदा त्याची जोडीदारीण म्हणून रादोस्तिना केहायोवाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा त्याचा आनंद चेहऱ्यावर मावेना.

रादोस्तिनाने तरुणपणी जिम्नॅस्टिक्समध्ये देशासाठी पदकं आणली होती. हातात रिबन घेऊन ती उडी मारायची तेव्हा अख्खा देश श्वास रोखून बसायचा. आता चाळिशी उलटली होती, पण पाय उचलला की अजूनही कानाला लागायचा.

लोकांना नेमकं तेच खुपलं. स्विलेन रोज सकाळी जिच्याकडून चीज घातलेली गरम बानित्सा घ्यायचा, ती दुकानवाली त्याला म्हणाली, "तुमची बाई तर शिकूनच आलीय की! परीक्षेला मास्तरीण बसवायची आणि वर पहिला नंबर द्यायचा, हा कुठला न्याय?"

"अहो, नाच वेगळा आणि जिम्नॅस्टिक्स वेगळं."

"हो हो, आणि माझी बानित्सा वेगळी आणि पीठ वेगळं. घ्या, गार होईल."

उलट बाजूला होता बोझिल तोंचेव, निवृत्त गोलकीपर. दारातून कपाट आत सरकवावं तसा तो नाचायचा. परीक्षक त्याला तळाचे गुण द्यायचे आणि प्रेक्षक मतांचा पाऊस पाडून त्याला वर काढायचे. चांगले नाचणारे एकेक करून घरी गेले, बोझिल राहिला. म्हणजे रादोस्तिनाला गुण मिळाले की लोक चिडत आणि बोझिलला मतं मिळाली की परीक्षक चिडत. असं करता करता लोकांचा चिडण्यातलाही रस संपला. कझानलाकहून रादोस्तिनाच्या आईने फोनवर सरळ सांगून टाकलं, "अगं, सगळे रडतात, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि शेवटी राहतो तो गोलकीपर. मी टीव्ही लावते, विणायला घेते आणि तिथेच डुलकी काढते. तू आलीस की मला उठवायला शेजारणीला सांगून ठेवलंय."

रादोस्तिना खळखळून हसली होती. पण सरावाच्या खोलीत तिचं काय चाललंय, ते फक्त स्विलेनला ठाऊक होतं.

ती आयुष्यभर एकटी नाचली होती. दुसऱ्याच्या हाताने वळायचं तिला माहीतच नव्हतं. स्विलेनने हात फिरवायच्या आत ती वळून मोकळी झालेली असायची. पहिल्याच आठवड्यात तो वैतागून म्हणाला होता, "रादा, मी इथे आहे की भिंतीला टेकून उभा राहू?"

"माझ्या अंगाला वाट बघायची सवय नाही रे," ती म्हणाली. "वाट बघितली की शिकवणाऱ्या बाईंची छडी यायची."

मग तिने नाचच बाजूला ठेवला. डोळे मिटून, त्याच्या हातात हात देऊन नुसती चालायची. तो थांबला की थांबायचं, वळला की वळायचं. सबंध सकाळ हेच. जुन्या उड्यांनी तिच्या एका खुब्याचं हाड पार झिजवलं होतं. मधल्या सुट्टीत ती दाराआड बर्फाची पिशवी लावून बसायची, आणि कुणी आलं की पिशवी टॉवेलखाली सरकवायची. "कळलं तर म्हणतील, बघा, आता दया मागतेय," एवढंच ती बोलली. इतक्या वर्षांत इतकं मुकाट राबणारं माणूस स्विलेनने पाहिलं नव्हतं.

उपांत्य फेरीच्या रविवारी सुरुवातीच्या समूहनृत्यात छतावरून साबणाचे फुगे सोडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग निकाल लागला. तळाला दोन जोड्या होत्या, एक रादोस्तिनाची आणि दुसरी बोझिलची. बोझिलची मतं पहिल्यांदाच आटली होती. त्याचे चाहतेही बहुधा कंटाळले असावेत. आता दोघांनी पुन्हा नाचायचं आणि तिघा परीक्षकांनी एकाला ठेवायचं.

रादोस्तिना आणि स्विलेन आधी नाचले. मधल्या एका गिरकीत तिचा पाय किंचित सरकल्याचं स्विलेनला हातातून जाणवलं, पण पुढच्याच ठोक्याला ती जागेवर होती. बघणाऱ्यांना कळलंही नाही.

मग बोझिल आला. त्याच जागी त्याचा पाय गेला आणि तो असा आडवा झाला की पहिल्या रांगेतल्या बायका किंचाळल्या. उठला, हसायचा प्रयत्न केला, पण गाणं पुढे निघून गेलं होतं. संपल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला.

स्विलेनला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, मनात कुठेतरी करंडक चमकला.

निवेदक परीक्षकांकडे वळला, इतक्यात रादोस्तिनाने स्विलेनचा हात सोडला आणि ती सरळ मंचाच्या मध्यावर गेली. खाली बसून तिने फरशीवरून तळहात फिरवला आणि ओला हात वर धरला.

"इथे साबण आहे," ती म्हणाली. "मघाच्या फुग्यांचा."

निवेदक गोंधळला. "रादोस्तिना, आपण थेट प्रक्षेपणात आहोत..."

"म्हणूनच सांगतेय. माझाही पाय इथेच घसरला. लहानपणापासून घसरायचं आणि सावरायचं हेच शिकलेय, म्हणून सावरला. बोझिलच्या पायाला ती सवय कुठून येणार? मला कळलं होतं, पण सांगेपर्यंत त्याचं गाणं लागलं. त्याला परत नाचू द्या."

कॅमेऱ्यामागून निर्माती माद्लेना दोन्ही हातांनी 'आवरा, आवरा' अशा खुणा करत होती. बोझिल म्हणाला, "रादा, जाऊ दे ना. मी तर कोरड्यावरही पडतो."

लोक हसले. ती हसली नाही. "पड. पण कोरड्यावर पड."

परीक्षकांतले सर्वांत ज्येष्ठ, बॅलेगुरू गावाझोव, यांनी हातातली गुणपाटी टेबलावर उपडी ठेवली. "फरशी पुसल्याशिवाय मी मत देणार नाही," ते म्हणाले. जाहिराती लागल्या. फरशी पुसली गेली.

बोझिल दुसऱ्यांदा नाचला. नाच शिकलेल्या माणसासारखा तो तेव्हाही नाचला नाही. पण इतके आठवडे तो लोकांकडे बघून हात हलवायचा, डोळे मारायचा, ते सगळं त्याने टाकून दिलं. फक्त आपल्या जोडीदारणीकडे बघत, दात आवळून, एकही पाऊल न चुकवता तो शेवटपर्यंत गेला. गाणं संपलं तेव्हा घामाने निथळत होता आणि रादोस्तिना सगळ्यांत आधी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

गावाझोवांनी रादोस्तिनाला मत दिलं. बाकी दोघांनी बोझिलला.

कपडे बदलायच्या खोलीच्या बाहेर स्विलेन भिंतीला टेकून उभा होता. ती आली आणि शेजारी टेकली.

"रागावलास?"

"हो."

"मीही," ती म्हणाली. "मला जिंकायचं होतं रे. फार जिंकायचं होतं."

"मग कशाला बोललीस?"

"राहवेना."

स्विलेनने खाली बघितलं. बर्फाची पिशवी तिने उघड्यावर, सगळ्यांसमोर खुब्याला लावली होती. त्याने ती आपल्या हाताने धरली.

दुसऱ्या दिवशी बानित्सावालीने पैसे घेतले नाहीत, आणि मास्तरणीचा विषयही काढला नाही. "आमच्याकडे सगळे जागे होते काल," एवढंच म्हणाली. अंतिम फेरीत बोझिल हरला आणि खुशीत हरला. पुढच्या वर्षी वाहिनीने कार्यक्रमाला विश्रांती दिली. एका रविवाराने इतक्या वर्षांचा कंटाळा काही धुऊन निघत नाही.

रादोस्तिनाने पेर्निकच्या क्रीडागृहात शनिवारी मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू केला. फक्त जोडीने यायचं, एकट्याला प्रवेश नाही. स्विलेन शिकवायला जातो. पहिल्याच शनिवारी बोझिल बायकोला घेऊन हजर झाला. ती बारीक चणीची, तोंडाची फटकळ.

"टीव्हीवर सगळ्या देशाबरोबर नाचलास," ती त्याला ओढत म्हणाली, "आता जरा माझ्याबरोबर नाच. आणि पायावर पाय दिलास ना, तर बघ!"

बोझिलने घाबरून रादोस्तिनाकडे बघितलं. तिने संगीत लावलं.