ब्रेकमास्तरांची दोन सीटची गाडी

गाडी घरी येऊन नऊ दिवस झाले, तेव्हा मास्तरांनी तिच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. शोरूमच्या फॉर्मवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "गाडी आपणहून ब्रेक लावते. रस्ता मोकळा असला तरी लावते. माझ्याकडून काही चूक होत नाही." शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली. त्या सीटपुढे ब्रेक आणि क्लचची दुसरी जोडी असते. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, जीव मास्तरांच्या पायात. त्यांच्या हाताखालून, खरं म्हणजे पायाखालून, साडेतीन हजार माणसं शिकून गेली. रस्ता ओलांडायचा विचार समोरच्याच्या मनात येतो न येतो तोच मास्तरांचा पाय खाली गेलेला असायचा. म्हणून शिकणारे त्यांना पाठीमागे ब्रेकमास्तर म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागले आणि मास्तरांनी ते चालवून घेतलं.

घरी मात्र त्यांनी कधी गाडी चालवली नाही. दिवसभर नऊ जणांच्या हातून हिसके खाल्लेला माणूस संध्याकाळी स्टिअरिंगकडे बघायला तयार नसे. घरची गाडी बायको चालवायची. ती पडदे शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची, आणि कापायची तशीच चालवायची, सरळ रेषेत, न थांबता. मास्तर शेजारी. तिथे दुसरा ब्रेक नव्हता तरी पाय काही ऐकत नसे. जुन्या गाडीत त्या बाजूच्या मॅटला टाच घासून आरपार भोक पडलं होतं. गाडी विकताना घेणाऱ्याने विचारलं, इथे कोण बसायचं. बायको म्हणाली, आमच्याकडचे परीक्षक.

मग तिचा उजवा खांदा आखडला. जड कात्री चालवून चालवून सांध्याने संप पुकारला. डॉक्टरांनी आठ महिने तरी स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं. ते ऐकून तिला वाईट वाटायच्या ऐवजी हलकं वाटलं. ती मास्तरांना म्हणाली, तीस वर्षं मी रस्ता बघितला, आता मला खिडकीतून बाहेर बघायचंय.

गाडी कुठली घ्यायची हे तिने त्यांच्यावर सोडलं. सिग्नलला उभं असताना शेजारून सुळकन निघून जाणाऱ्या बुटक्या गाड्या मास्तरांनी एकतीस वर्षं पाहिल्या होत्या. छपरावर पाटी लावलेल्या, ताशी तिशीत चालणाऱ्या डब्यात बसून पाहिल्या होत्या. त्यांनी दोन सीटची हायब्रीड स्पोर्ट्‌स कार घेतली, पेट्रोलवर आणि बॅटरीवर चालणारी, ओल्या पाटीच्या रंगाची. शोरूमची एक सवलत होती: पंधरा दिवसांत गाडी पटली नाही तर परत आणा, दुसरी घेऊन जा. समोरच्या इमारतीतला शिंपी खिडकीतून वाकून बघून म्हणाला, मास्तर, साठीत पंख फुटले की. मास्तर तोंडभर हसले. त्यानंतर गाडीतून उतरताना एक हात दारावर, एक हात गुडघ्यावर ठेवून विहिरीतून वर यावं तसे वर आले, तेव्हा शिंप्याने समजूतदारपणे खिडकी लावून घेतली.

पहिले नऊ दिवस असे गेले. बटण दाबलं की काहीच ऐकू येत नसे. गाडी चालू आहे की नाही हे मास्तरांना पडद्यावर वाचून कळे. गल्लीतून ती मांजराच्या पावलांनी निघे. मोठ्या रस्त्याला लागून वेग वाढला की पाठीमागचं इंजिन जागं होई आणि मणक्यातून एक घरघर वर चढे. तेवढे तीन-चार सेकंद मास्तरांना आपण योग्य तेच केलं असं वाटे. मग हिसका बसे. गाडी नाक मुठीत धरल्यासारखी मंदावे, मागचा हॉर्न वाजवी, आणि मास्तर घरी परत येत. रोज त्याच पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. पुलापलीकडे ते एकदाही गेले नाहीत. बायको दारात विचारी, कशी आहे. ते म्हणत, अजून रुळतेय.

तिला घाई होती. चार तासांवर डोंगरातल्या गावात तिची धाकटी बहीण राहायची, एकटी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गुरुवारी तिला घरी सोडणार होते. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागे, सहा तास लागत, आणि आखडलेल्या खांद्याने बॅग वर ठेवणं तिला जमणारं नव्हतं. तिने बहिणीला कळवून टाकलं होतं की हे घेऊन येतायत. गुरुवार म्हणजे गाडीचा चौदावा दिवस. तोवर गाडीचा दोष निघाला नाही तर आपण तिला काय सांगायचं, हा मास्तरांपुढचा खरा प्रश्न होता. तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

वर्कशॉपमध्ये गाडी तपासायला घेतली ती तिशीतली एक मेकॅनिक होती. तिने फॉर्म वाचला, वर पाहिलं आणि हात पुसत म्हणाली, सर, ओळखलं नाहीत. बारा वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे शिकली होती. मास्तरांना चेहरा आठवेना, पण तिची चूक आठवली: ती गिअर बदलताना गिअरकडे बघायची. हे सांगताच ती खूश झाली.

तिने गाडीला टॅब जोडला. पंधरा मिनिटं ती आकडे चाळत राहिली. मास्तर स्टुलावर बसून होते, पाय जमिनीला टेकवून. शेवटी तिने टॅब त्यांच्याकडे वळवला आणि हळू आवाजात समजावलं. पाय उचलला की ही गाडी थोडी मंदावतेच, त्यातून बॅटरी भरते. तो दोष नाही, तो तिचा स्वभाव आहे. पण पायाने दाबलेल्या ब्रेकची नोंद वेगळी होते. नऊ दिवसांत गाडी एकशे सात किलोमीटर चालली. त्यात गाडीने आपणहून ब्रेक एकदाही लावला नव्हता. पायाने तो अकराशे बासष्ट वेळा लागला होता.

"हा पाय तुमचा आहे, सर," ती म्हणाली.

मास्तरांनी आकडा पुन्हा वाचला. मग आपल्या उजव्या बुटाकडे पाहिलं. वाद घालायला त्यांच्याकडे पुष्कळ अनुभव होता, पण त्यांना एकदम दमल्यासारखं झालं. ते इतकंच म्हणाले, की मला कळतही नाही.

ती म्हणाली, चला, मी शेजारी बसते. दोघांनी वर्कशॉपच्या मागच्या रस्त्याने तीन फेऱ्या मारल्या. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून आणि पाय मुद्दाम सीटखाली ओढून बसली होती. मास्तर प्रत्येक गेटपाशी, प्रत्येक उभ्या गाडीपाशी, एकदा नुसत्या सावलीपाशी पाय दाबत होते. आता लक्ष ठेवल्यामुळे ते त्यांना दिसत होतं. आपलाच पाय, पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या चुकीची वाट बघायला शिकवलेला. तिसऱ्या फेरीनंतर तिने विचारलं, तुम्ही समोर बघताना काय बघता. मास्तरांनी सांगितलं, काय काय होऊ शकतं ते.

"आम्ही बाकीचे रस्ता बघतो," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं नाही. गाडीत दोष नाही, एवढंच म्हणाले. ती भाजी चिरत होती, डाव्या हाताने, सवय नसल्यामुळे जाड जाड. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती सहज बोलून गेली आणि मग त्यांचा चेहरा पाहून सुरी खाली ठेवली. गुरुवारी नको असेल तर बसने जाते, म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मास्तरांना जास्त लागलं. जाऊ या, ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी आठला ते निघाले. पाठीमागच्या डिकीत दोनच बॅगा मावल्या, धाकटीसाठी घेतलेला वॉकर बायकोच्या पायांशी उभा राहिला. ती खिडकीकडे तोंड करून बसली. पूल आला. मास्तरांनी पाय दाबला, उचलला, आणि पूल मागे गेला. पुढचा दीड तास रस्ता सपाट होता. ते साठाच्या वर गेले नाहीत. फरशांनी भरलेला ट्रक त्यांना ओलांडून गेला, मग शाळेची बस. बसमधली मुलं मागच्या काचेला नाक लावून, अशी गाडी आणि एवढासा वेग यांचा मेळ घालत राहिली. बायको हसली नाही. हसू आवरल्याचं मात्र मास्तरांना कळलं.

चढ सुरू झाला तसे हिसके वाढले. प्रत्येक वळणापलीकडे मास्तरांना काहीतरी दिसे. उलटलेली मोटारसायकल, रस्त्यात बसलेलं जनावर, चुकीच्या बाजूने येणारी जीप. वळण घेतलं की तिथे काहीच नसे. वॉकर दर वेळी पुढे कलंडे आणि बायको तो डाव्या हाताने सावरी. अकराव्या की बाराव्या वेळी तिच्या खांद्यातून कळ निघाली. सावरायला तिने चुकून उजवा हात पुढे केला होता.

मास्तरांनी कडेला मोकळी जागा पाहून गाडी थांबवली. पोटऱ्यांत गोळे आले होते. इंजिन बंद झालं होतं की नाही हेही त्यांनी बघितलं नाही. खाली दरीत कुठेतरी पाणी वाहत होतं. त्यांनी समोर बघतच सांगायला सुरुवात केली. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात एका शिकाऊ बाईच्या गाडीला मागून टेम्पोने धडक दिली होती आणि तिच्या मानेला तीन आठवडे पट्टा लागला होता. आडवं मांजर आलं म्हणून ब्रेक लावला, असं त्यांनी स्कूलला, पोलिसांना आणि घरी सांगितलं होतं. ती बाई नंतर बँकेत भेटली तेव्हा त्यांचे आभार मानून गेली, मांजर वाचवलं म्हणून.

"मांजर नव्हतं," मास्तर म्हणाले. "काहीच नव्हतं. ती नीट चालवत होती."

बायकोला आधीच शंका होती का, हे मास्तरांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. निवृत्ती दोन वर्षं आधीच का घेतली, हे आता तिला जुळवता येत असणार. तिने खांदा हळूहळू दाबला, मग वॉकर उचलून दोघांच्या सीटच्या मध्ये आडवा घट्ट रुतवला.

"मला चालवता येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला चालवायचं नाही. तिसरं कुणी इथे नाही. धाकटी दारात बसली असेल."

ही काही हिंमत देणारी गोष्ट नव्हती. नुसती परिस्थिती होती. पण मास्तरांना त्यातलं तिसरं वाक्य समजलं. एकतीस वर्षं त्यांच्या पायापुढे कुणीतरी चालवणारं होतं, त्याची चूक निघायची, ती आवरायची. आता आवरायला शेजारी कुणी नव्हतं, आणि चालवणारा दमलेला होता. त्यांनी पाणी पिऊन, आरसे नीट करून गाडी काढली.

पुढचे चार तास त्यांनी ताशी चाळिशीने काढले. पाय खाली जातच होता. आता जाताना त्यांना कळत होतं, आणि दहातल्या तीन-चार वेळा ते त्याला वाटेतच थांबवत होते. हे काम गाडी चालवण्याहून कठीण होतं. बायकोने मध्ये एकदाच तोंड उघडलं, बाहेरचा एक धबधबा दाखवायला. मास्तर म्हणाले, तूच बघ.

चार तासांच्या रस्त्याला सात तास लागले. धाकटी दोन उशांवर पाय ठेवून दारातल्या खुर्चीत बसली होती. गाडी पाहून ती म्हणाली, भाऊजी, एवढी जोरात पळणारी गाडी आणली म्हणून मी शेजारणीकडून बाराला जेवण गरम करून घेतलं. आता तिसऱ्यांदा सांगते. मास्तरांनी वाद घातला नाही. ते उतरले, दोन पावलं चालले आणि आतल्या पलंगावर बूट न काढता आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजता शोरूममधून फोन आला, तेव्हाही ते त्याच पलंगावर होते. बूट तेवढे कुणीतरी काढले होते. फोन बायकोने घेतला. विकणारा तरुण आदबीने बोलत होता. तुमची तक्रार नोंदलेली आहे, आज पंधरावा दिवस, गाडी परत करायची असेल तर संध्याकाळी सहापर्यंत इथे आणावी लागेल, त्यानंतर मुदत संपली. तुमच्यासाठी एक मोठी, उंच सीटची गाडी काढून ठेवलीय, असंही तो म्हणाला. बायकोने फोनवर हात ठेवून हे सगळं मास्तरांना सांगितलं. सहाला पोचायचं तर अर्ध्या तासात निघायला हवं होतं, तेही कालच्याच वेगाने.

मास्तरांनी छताकडे बघत हिशेब केला. डोंगर उतरायचा, मग सपाट रस्ता, मग पूल. त्यांनी उजवा पाय उचलून पाहिला. तो मांडीपासून दुखत होता.

"आज माझ्याच्याने होणार नाही," ते म्हणाले.

बायकोने फोन कानाला लावला. "ते दमलेत," तिने सांगितलं. "गाडी आम्ही ठेवतोय."

पलीकडून अभिनंदन आलं. बाहेरच्या खोलीतून धाकटीने विचारलं, मग आता किती दिवस राहताय. बायको म्हणाली, यांचा पाय बरा होईपर्यंत. मास्तरांना विचारावंसं वाटलं की म्हणजे किती, पण तोवर त्यांचे डोळे मिटले होते.