विभूती लावलेली डिस्क

या, असे पुढं सरका. भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीही जरा पुढं या, ही गोष्ट लांबून ऐकायची नाही. कीर्तनकार देवाची गोष्ट सांगतात. आपण पडलो कीर्तन ऐकणारी माणसं, आपण माणसाची सांगू. वाट थोडी बोळाबोळातून जाईल, मधे गेमचं दुकानही लागेल, पण पोचवीन देवळाच्या खांबापाशीच, एवढा शब्द देतो.

तर त्या सोमवारी सोलापुरात, नवी पेठेच्या मागल्या बोळात, ‘महेश्वर व्हिडिओ’ या दुकानात राजेश्वरी आपल्या भाच्याशी भांडत होती.

“मावशी, वायर सोड. दुपारी तो माणूस येणार आहे मशीन न्यायला.”

“येऊ दे. त्याला चहा पाजते.”

“चहा नको, मशीन पाहिजे त्याला! जुनं देऊन नवं घ्यायचं ठरलंय आपलं.”

“तुझं ठरलंय. माझं कुठं?”

दुकानाच्या पाटीवर अजून ‘व्हिडिओ’ होतं, पण आत आता पोरं गेम खेळायला येत. राजेश्वरीच्या वडिलांनी कॅसेटी भाड्यानं देत हे दुकान सुरू केलं. ते गेल्यावर तिनं कॅसेटी उतरवून सीडी मांडल्या, सीडी उतरवून डीव्हीडी, आणि डीव्हीडीचं गिऱ्हाईक आटल्यावर टीव्हीखाली गेमचं मशीन बसवलं. दर खेपेला कुणीतरी येऊन सांगायचं, आता ह्याचे दिवस संपले, फेकून दे. ती फेकायची नाही. धूळ झटकायची, चालतंय का बघायची आणि नव्याच्या शेजारी जुनं मांडायची. लग्नाचं वय गेलं ते असंच काउंटरमागं, कुणाला न सांगता. बोळातली पोरं तिला अक्का म्हणत. तिच्यासमोर शिवी दिली की त्या दिवशीचा खेळ बंद, हा तिचा एकच कायदा.

गुरुराज तिच्या बहिणीचा मुलगा. पुढच्या बाजूला त्याचं मोबाईलचं दुकान होतं. पोरगा हुशार, मनानं चांगला, पण जुनं दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटायची. नव्या मशीनला डिस्क घालायची फटच नव्हती, आणि त्याला तेच आवडलं होतं.

“गेमच्या मशीनला असली हाय डेफिनिशनची भारी डिस्क लागते कशाला, ते एकदा सांग मला,” तो म्हणाला. “ब्लू-रे म्हणे! गेम काय, नेटवरून उतरतो. डिस्क घासते, हरवते, पोरं बोटं लावतात. उगीच त्या फिरणाऱ्या चकतीचं ओझं. नव्याला डिस्क घालायचं तोंडच नाही.”

“नेटवरून उतरलेला गेम मल्लेशला चार दिवस घरी देता येतो का?”

“नाही.”

“डिस्क देता येते. तो खेळून झाला की दुसऱ्याला देतो. अख्ख्या बोळात एक डिस्क फिरते.”

तेवढ्यात रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि मल्लेशच दारात उभा राहिला. रिक्षावाला, पण दोन भाड्यांच्या मधे फुटबॉलचा एक सामना खेळल्याशिवाय त्याचा दिवस जायचा नाही.

“काय चाललंय? कुटल्या मशीनला तोंड न्हाई म्हणताय?”

“नव्या,” राजेश्वरी म्हणाली.

“मग जेवतंय कसं ते?”

“वायफायनं,” गुरुराज म्हणाला.

“म्हंजे सलाईनवर हाय म्हण की!”

राजेश्वरी हसली, पण मल्लेश लगेच गंभीर झाला. “अक्का, रिक्षात दाक्षायणीअव्वा हायेत. मंगळवेढ्याला पोरीकडं निघाल्या, कायमच्या. सामान ठेवताना त्यांच्या देवाच्या गाठोड्यात एक डिस्क बघितली. निळ्या डबीतली, तुझ्या मशीनच्या डिस्कांसारखी. म्हणून ष्ट्यांडावर न्यायच्या आधी हितं आणलंय.”

दाक्षायणीअव्वांना सगळी पेठ ओळखत होती ती त्यांच्या नवऱ्यामुळं, शरणप्पा बुवांमुळं. बुवा शिवकीर्तन करायचे. दिवसा एका कापडदुकानात वार मोजायचे आणि संध्याकाळी अंगावर जुना कोट चढवून, गळ्यात वीणा अडकवून उभे राहायचे. आवाज असा, की मागल्या रांगेतल्या म्हातारीलाही वाटावं, बुवा माझ्याशीच बोलतायत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

अव्वा दुकानाची पायरी चढल्या खऱ्या, पण उंबऱ्यात थबकल्या. गेमच्या दुकानात त्यांनी आयुष्यात पाय ठेवला नव्हता. पदराखालून त्यांनी खणात गुंडाळलेली डबी काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

“राजव्वा, तू जाणती हायेस. येवढंच सांग मला. ह्याच्या आत त्यांचा आवाज हाय का न्हाई?”

राजेश्वरीनं डबी उघडली. आत डिस्क होती आणि तिच्या चकचकीत बाजूवर विभूतीचे तीन आडवे पट्टे. नुसते पट्टे नाहीत, पट्ट्यांवर पट्टे, थरावर थर, मधल्या भोकापर्यंत. आडवं धरलेलं कपाळच जणू.

“सिद्धेश्वरनं काढलं होतं,” अव्वा सांगू लागल्या. “लग्नाचं शूटिंग करायचा तो. नवा क्यामेरा घेतला आणि म्हणला, पहिलं बुवांचं कीर्तन काढतो. ही चकती दिली. शेजारच्या डीव्हीडीत घातली तर बाहेर फेकली की! तो म्हणला, ह्याला मोठं मशीन लागतं. मग त्यो पुण्याला गेला, त्याच्याकडचं पण सगळं पुसून गेलं म्हणं. आणि हे तर त्याच पावसाळ्यात गेले. मी म्हणलं, आत त्यांचा आवाज हाय, तर देवापाशी ठेवू. दर सोमवारी तीन बोटं लावत आले.” त्या थांबल्या. “आता पोरगी म्हणती, अव्वा, रिकाम्या चकतीला पुजत बसलीस. राजव्वा, रिकाम्याला पुजत आले का गं मी?”

टीव्हीवर फुटबॉलचा एक खेळाडू जागच्या जागी पाय हलवत उभा होता.

गुरुराजला कळवळा आला. त्याच्या पद्धतीनं आला. त्यानं खिशातून मोबाईल काढला. “अज्जी, बुवांचा एक तुकडा आहे की माझ्याकडं. कुणीतरी फोनवर काढलेला. हा बघा.” पडद्यावर पांढुरका ठिपका हलत होता, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. अव्वांनी डोळे बारीक केले. “हे कोण?” त्यांनी विचारलं. गुरुराजनं मोबाईल खिशात घातला.

मग त्यानं मोबाईल साफ करायची स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. “द्या इकडं. दोन मिनिटांत पुसतो.”

“हात लावू नको!” अव्वांचा आवाज असा चढला की मल्लेश मागं सरकला. “त्यांच्या कपाळाची विभूती हाय ती! त्यांना नेताना शेवटची मीच लावली. ती पुसू? माझ्या हातानं?” आणि त्यांनी डबी छातीशी धरली. “ऱ्हाऊ दे. चल मल्लेशा, बस चुकंल.”

आता बघा, पेच कसा पडला. पट्टे पुसल्याशिवाय आवाज निघायचा नाही, आणि पुसू म्हटलं तर आवाजाची मालकीणच उठून चालली. शास्त्र एकीकडं ओढतंय, माया दुसरीकडं, आणि दोन्ही खरी.

राजेश्वरी काउंटरमागून बाहेर आली. तिनं अव्वांचा हात धरला नाही, डबीलाही हात लावला नाही. नुसती समोर उभी राहिली.

“अव्वा, गळ्यातलं इष्टलिंग रोज तळहातावर घेता ना?”

“व्हय की. न घेऊन कसं चालंल?”

“मग कालची विभूती तशीच ठेवून वरनं आजची लावता?”

“यव्वा! तसं कुटं आसतंय? आधी पाणी घालायचं. निर्मळ करायचं, मग नवी लावायची.”

“मग यांना आंघोळ कधी घातलीत?”

अव्वा तिच्याकडं बघत राहिल्या. मग हळूहळू त्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “मल्लेशा, गाठोड्यातला माझा तांब्या आण रे.”

गेमच्या दुकानात असा अभिषेक कुणी बघितला नसेल. काउंटरवर ताटली. राजेश्वरीनं डिस्क कडेला आणि भोकाशी दोन बोटांत धरलेली. अव्वा तांब्यानं पाण्याची बारीक धार सोडतायत, ओठांत मंत्र चाललाय आणि ताटलीत दुधासारखं पाणी साचतंय. गुरुराजनं स्पिरिटची बाटली कधी मागं ठेवली, त्याचं त्यालाच कळलं नाही. पुसायला अव्वांनी आपल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या इरकलीचा पदर पुढं केला.

“गोल नाही पुसायचं,” राजेश्वरी म्हणाली. तिच्या वडिलांनी शिकवलेलं ते वळण. “मधून बाहेर. सरळ.”

गुरुराजनं डिस्क उजेडात तिरपी धरली. बारीक रेघा होत्या, पण खोल एकही नव्हती.

“साधी डीव्हीडी असती ना मावशी, तर एवढ्या वर्षांच्या राखेनं तिची चाळण झाली असती. ब्लू-रेला वरून कडक थर देतात. आत माहिती फार दाट भरलेली असते, म्हणून जपायला...” तो बोलता बोलता थांबला. आपण कुणाच्या बाजूनं बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

“बोल की,” मल्लेश म्हणाला. “तोंड हाय तुला.”

राजेश्वरीनं डिस्क मशीनच्या फटीत ढकलली. मशीननं ती आत ओढून घेतली. घर्रर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्रर्र. पडद्यावर अक्षरं आली: डिस्क वाचता येत नाही.

“काय म्हणतंय?” अव्वांनी विचारलं. “रिकामी हाय म्हणतंय का?”

“नाही अव्वा. अजून नीट दिसलं नाही म्हणतंय.” राजेश्वरीनं डिस्क बाहेर काढली, तळहात कोरडे केले आणि भोकालगतच्या कडेला पदराचं टोक पुन्हा फिरवलं. कडेला राखेची एक बारीक कड अजून चिकटून होती. ती निघाली. “शिवा, एवढं वाचून दे,” ती पुटपुटली आणि डिस्क परत आत सोडली.

घर्रर्र. मग तो आवाज एकसारखा झाला, भोवरा लागावा तसा. पडदा काळा झाला. आणि त्या काळ्यातून आधी टाळ ऐकू आले.

बुवा उभे होते.

भिंतभर उभे होते, मंडळी! वीणेची तार दिसत होती. कपाळावरचे तीन पट्टे, त्यातून ओघळलेला घामाचा थेंब, कोटाच्या बाहीला मारलेलं ठिगळ. सिद्धरामांनी सोलापुरात तळं खोदल्याचं आख्यान लागलं होतं. बुवांनी हाताची कुदळ केली आणि पहिला घाव असा घातला की मल्लेशनं पाय मागं घेतला.

“बाहीला निळा दोरा,” अव्वा म्हणाल्या. “काळा संपला होता. मी म्हणलं, कोण बघतंय!” त्या रडत नव्हत्या. मान ताठ होती आणि बोटं टाळ धरल्यासारखी मिटली होती. “आवाज हाय. राजव्वा, भरलेली हाय गं.”

धृपद संपलं की बुवा डावीकडं बघत. एकदा बघितलं, आख्यान पुढं गेलं. पुन्हा धृपद, पुन्हा डावीकडं.

“तिकडं काय हाय?” मल्लेशनं विचारलं.

तिकडं देवळाचा खांब होता, आणि खांबापाशी एक बाई खाली मान घालून टाळ वाजवत होती.

“ती मी,” अव्वा म्हणाल्या. “मी कधी वर बघायची न्हाई. आपला माणूस उभा ऱ्हायलेला, चारचौघांत काय टक लावायची? लाज वाटायची.” बोलता बोलता त्या खुर्चीच्या कडेवर आल्या. पडद्यावर बुवांनी धृपद संपवलं, डावीकडं पाहिलं, खांबापाशी टाळ थांबला याची खात्री केली आणि मगच पुढचा शब्द उचलला. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला हसू होतं. तेही स्वच्छ दिसत होतं.

“अव्वा,” मल्लेश म्हणाला, “बुवांचं सगळं ध्यान तुमच्याकडंच की!”

“गप रे,” त्या म्हणाल्या, पण म्हातारं तोंड लाजेनं उजळलं. “मला काय ठावं? सगळा जन्म खाली मान घातली मी.”

गुरुराजनं मोबाईल काढून तो जुना तुकडा पुन्हा लावला. तेच कीर्तन, तोच क्षण. पांढुरका ठिपका किंचित वळत होता. “ह्यात डोळेच नाहीत,” तो स्वतःशी म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. मशीन न्यायला येणारा माणूस होता.

“नाही साहेब, येऊ नका. द्यायचं नाही आता.” गुरुराजनं मावशीकडं बघितलं. “का म्हणजे? अहो, ह्याला तोंड आहे.”

खेळायला आलेली पोरं दारात चपला काढून आत येऊन बसली होती. चपला काढा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आख्यानात तळ्याला पाणी लागलं, बुवांनी हात जोडले आणि शेवटचं डावीकडं पाहिलं. पडद्यावरच्या दाक्षायणीची मान खालीच होती. दुकानातल्या दाक्षायणीनं मान वर केली, नवऱ्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं आणि मान डोलावली. हां, पुढं चला, अशी. मग पडदा काळा झाला.

बस केव्हाच गेली होती. दुसरी होती. निघताना अव्वांनी डबी राजेश्वरीच्या हातात ठेवली. “पोरीकडं मशीन न्हाई. हितं ऱ्हाऊ दे त्यांना. सोमवारी लाव. पोरं ऐकतील.”

“आणि विभूती?”

अव्वांनी करंड्यात तीन बोटं बुडवली. डिस्कला त्यांनी आता विभूती लावली नाही. मशीनच्या त्या फटीवर, कपाळावर लावावे तसे, तीन पट्टे ओढले.

ते पट्टे अजून आहेत. पोरं बोटं लावत नाहीत. सोमवारी दुकान उघडलं की आधी बुवा उभे राहतात, मग फुटबॉल.

आता उठा हवं तर, पण एक मागतो. पुन्हा कधी कीर्तनाला बसलात, तर उभ्या माणसाला हात जोडाच, आणि जरा खांबाकडंही बघा, तिथं मान खाली घालून टाळ धरणारी कोण आहे ते. आणि कुणी जुनं काही फेकायला निघालं, तर नवी पेठेच्या बोळातल्या त्या राजेश्वरीची आठवण ठेवा. तिनं तोंड असलेलं मशीन ठेवलं, म्हणून एका बाईला कळलं की आपल्याकडं कुणी बघत होतं.